पिकअपला पोचे कशाने पडतात?



धानाचे पान पाहून आपण पिकाचे दुखणे ओळखतो. खालची जुनी पाने पिवळी पडू लागली की नत्र कमी पडले असे समजतो. पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके येऊन रोप खुंटले की जस्ताची कमतरता, म्हणजे खैरा, असा अंदाज बांधतो. शेतमाल वाहणाऱ्या पिकअपच्या पत्र्यावरील पोचेसुद्धा याच नजरेने पाहावेत, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे. पोचा म्हणजे केवळ गाडीचे रूप बिघडणे नव्हे. गाडीवर कोणता भार, कोठे आणि कशा रीतीने पडला याची ती खूण असते. ही खूण वेळेवर वाचली तर पुढचे मोठे नुकसान, आणि प्रसंगी माणसाचा जीवही, वाचू शकतो.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात शेतमालाची वाहतूक पूर्वी बैलबंडीने होत असे. नंतर ट्रॅक्टर-ट्रॉली आली. आता बहुतेक गावांत एक-दोन तरी पिकअप किंवा 'छोटा हत्ती' दिसतो. इटियाडोह धरणाच्या कालव्यामुळे या भागात बऱ्याच ठिकाणी खरिपाखेरीज उन्हाळी धानही होते. त्यामुळे गाडीला वर्षातून दोनदा घाई असते. एकदा दिवाळीच्या आगेमागे चुरणी सुरू झाली की, आणि दुसऱ्यांदा मे-जूनमध्ये, पाऊस तोंडावर असताना. मधल्या काळात शेणखत, रासायनिक खत, मुरूम, विटा, तणीस, केशोरी भागातील मिरची, तलावातील मासे असे काहीही तीच गाडी वाहते. अशी गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते. हप्ते फिटेपर्यंत तिचा हौदा शाबूत राहिला पाहिजे, एवढी साधी अपेक्षा मालकाची असते आणि तीच पुष्कळदा पुरी होत नाही.

मी कृषिविद्येचा अध्यापक आहे, गॅरेजवाला नव्हे. परंतु घरची एक पिकअप गेली काही वर्षे धानावर चालते आहे. तिच्या मागच्या उजव्या कोपऱ्यावरचा मोठा पोचा माझाच आहे. खळ्यावर अंधारात गाडी मागे घेताना पुंजण्याच्या आड उभा असलेला सागाचा खुंट मला दिसला नाही. तेव्हापासून मी इतरांच्या गाड्यांचे पोचे निरखू लागलो.

पत्रा वाकतो तो कसा?

पोलादी पत्र्यावर थोडा दाब दिला तर तो लवतो आणि दाब काढताच पूर्ववत होतो. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त दाब पडला की तो ताणला जातो आणि मग आपल्या जागी परत येत नाही. यालाच आपण पोचा म्हणतो. पत्रा जितका पातळ आणि सपाट, तितकी ही मर्यादा लवकर येते. घरावरचे टिन पन्हळी का असते, हे आपणास ठाऊक आहे. तोच पत्रा सपाट ठेवला तर माणसाच्या वजनाने दबेल, पन्हळी केला की भार सोसतो. पिकअपच्या हौद्याच्या तळाला आणि कठड्यांना जे उठाव दिलेले असतात त्यांचे काम हेच आहे. केबिनचे टप, दरवाजे आणि पुढचे बोनेट मात्र बरेचसे सपाट व पातळ असतात. म्हणून दोर बांधण्यासाठी केबिनच्या टपावर उभा राहणारा माणूस हौद्यात उड्या मारणाऱ्या माणसापेक्षा जास्त नुकसान करतो.

येथे ट्रॉलीची सवय आपणास नडते. ट्रॉलीचा पत्रा जाड असतो, त्याला बाहेरून लोखंडी चॅनलचा सांगाडा असतो आणि ती पडझड सोसण्यासाठीच बनविलेली असते. हमाल तोच, पोते तेच, म्हणून पिकअपमध्येही माल ट्रॉलीसारखाच फेकला जातो. हौद्यात उभ्या असलेल्या माणसाने खांद्यावरून, म्हणजे साडेचार फुटांवरून, ४० किलोचे पोते सोडले तर ते तळावर ताशी १८ ते १९ किलोमीटर वेगाने आदळते. धानाचे पोते मऊ असल्याने एका आदळण्याने काही होत नाही. तेच हंगामभर, त्याच जागी, दिवसातून शंभर-दीडशे वेळा झाले की तळ खोलगट होतो, त्यात पाणी साचते आणि पुढील काम गंज करतो.

खरे नुकसान टोकदार व कडक वस्तूंनी होते. पॉवर टिलर फळ्यांवरून हौद्यात चढविताना त्याचे चार-पाच क्विंटल वजन क्षणभर फाळक्याच्या कडेवर येते. लोखंडी केजव्हील तसेच लावलेले असेल तर त्याच्या पात्या पत्र्यात अक्षरशः खाचा पाडतात. केजव्हील काढून रबरी चाके लावावीत. फळ्यांचे वरचे टोक फाळक्यावर नव्हे, तर हौद्याच्या तळावर टेकवावे आणि तळाला जुने बारदान किंवा लाकडी फळ्या अंथराव्यात. एवढी काळजी घेतली तरी हौद्याचे आयुष्य पुष्कळ वाढते.

पोचा पाहताना सर्वप्रथम तो आत गेला आहे की बाहेर आला आहे हे पाहावे. आत गेलेला पोचा ठोकर लागल्याचा, म्हणजे झाड, खांब, भिंत, जनावर किंवा दुसरी गाडी लागल्याचा असतो. कठडा आतून बाहेर फुगला असेल तर तो मालाने फुगवला आहे. पहिल्या प्रकारात चालविणाऱ्याची चूक शोधावी, दुसऱ्या प्रकारात भरणाऱ्याची.

तीच पिकअप, तोच हौदा, वजन मात्र वेगळे

या गाड्यांची भार वाहण्याची क्षमता मॉडेलप्रमाणे साधारणतः पाऊण टनापासून दोन टनांपर्यंत असते. आपल्या गाडीची क्षमता नोंदणीपुस्तिकेत पाहावी. तेथे रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन अशा दोन नोंदी असतात. दुसऱ्यातून पहिले वजा केले की जे उरते ते आपले. त्यातच चालकाचे आणि शेजारी बसणाऱ्यांचेही वजन धरावयाचे असते, हे बहुतेकजण विसरतात.

आता एक हिशेब करू. समजा हौदा नऊ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि कठडे दीड फूट उंच आहेत. म्हणजे कठड्याच्या काठापर्यंत सुमारे ७४ घनफूट जागा झाली. एक घनफूट धान साधारण १६ किलो भरते. त्यामुळे काठोकाठ धान भरले तर वजन पावणेबारा क्विंटलच्या आसपास जाते. पोत्यांमध्ये फटी राहतात, म्हणून त्याहून थोडे कमीच. दीड टनी गाडीला हे अगदी सोयीचे आहे. ४० किलोची तीस पोती म्हणजे १२ क्विंटल, आणि ३७ पोत्यांना गाडीची मर्यादा गाठली. त्यापुढील प्रत्येक थर हा गाडीवर नव्हे, तिच्या पाट्यांवर, टायरवर आणि ब्रेकवर उधार असतो. नुकत्याच चुरलेल्या धानात ओल जास्त असते. तेव्हा पोत्यांच्या संख्येवर विसंबू नये, काट्यावरच्या वजनावर विसंबावे.

हाच हौदा मुरमाने किंवा रेतीने भरला तर? रेतीचा घनफूट ४५ किलोच्या आसपास जातो. काठोकाठ भरलेल्या हौद्याचे वजन तेहतीस क्विंटल होते, म्हणजे क्षमतेच्या दुपटीहून अधिक. दीड टनी गाडीत रेतीचा थर आठ इंचांपेक्षा जास्त होता कामा नये. डोळ्यांना हे पटत नाही, कारण हौदा निम्माही भरलेला दिसत नाही. विटांचेही तसेच आहे. तीन किलोची एक वीट धरली तर पाचशे विटांत दीड टन पुरा होतो. कुजलेले ओले शेणखत मात्र रेतीच्या निम्म्याहूनही हलके असल्याने काठोकाठ भरले तरी गाडी सहसा सोसते.

तणसाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. सुटे तणीस घनफुटाला दीड-दोन किलोच भरते. गाडी वजनाने भरतच नाही, म्हणून आपण ती उंचीने आणि रुंदीने भरतो. मग कठड्यांना बांबू बांधले जातात, दोर ओढून आवळले जातात आणि कठड्यांचे वरचे काठ आत खेचले जातात. गाडीच्या दोन्ही अंगांनी फूट-दीड फूट बाहेर आलेले तणीस आरसे झाकून टाकते. मग बाजूचे झाड चालकाला दिसत नाही. शेतावरून जाणाऱ्या लोंबकळत्या वीजतारांचा धोका तर वेगळाच. तणसाच्या गाडीपुढे एका माणसाने चालत जावे आणि तारेखालून जाताना वर कोणीही बसलेले नसावे.

एक गैरसमज येथे दूर करणे आवश्यक वाटते. 'एक जादा पाटा टाकून घेतला, आता दोन टन घेते' असे सांगणारे मालक भेटतात. जादा पाट्याने गाडी मागून दबलेली दिसत नाही, एवढेच होते. चासी, ॲक्सल, टायर आणि ब्रेक होते तेच राहतात. उलट पूर्वी गाडी दबून सूचना तरी देत असे, तीही आता मिळत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही यात सुटका नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

बंडी उलाळ झाली तर

बंडीत माल भरताना आजोबा काय पाहत असत ते आठवावे. माल मागे जास्त झाला की बंडी उलाळ होई, जू वर उचलले जाई आणि बैलांच्या गळ्याला फास बसे. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर ओझे येई. म्हणून जड पोती आसाच्या किंचित पुढे आणि हलका माल मागे, अशी रीत होती. पिकअपला बैल नाहीत, म्हणून ती ओरडत नाही. पण उलाळ तीही होते.

मागच्या चाकांच्या पलीकडे गेलेला भार तरफेसारखा काम करतो. पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागते आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते. त्याच वेळी चासी मागच्या ॲक्सलवर वाकत असते. फाळका उघडा टाकून त्यावर पोत्यांची रांग लावणे, किंवा हौद्याबाहेर पाच-सहा फूट येतील असे बांबू आणि बल्ल्या लादणे, या दोन्ही गोष्टी उलाळीच्या आहेत. फाळक्याच्या बिजागऱ्या खेचल्या गेल्या असतील, साखळीच्या कड्या ओढून लांबट झाल्या असतील, तर कारण येथे शोधावे.

भार उलट दिशेने, म्हणजे केबिनला अगदी खेटून उंच लावला तर जोराने ब्रेक दाबताच पोती पुढे येतात आणि केबिनच्या पाठीला पोचा पाडतात. पाठीमागची काच फुटण्याचे हे नेहमीचे कारण आहे. हौद्याच्या पुढील बाजूस असलेली जाळी मजबूत आहे ना, तिचे नटबोल्ट ढिले झाले नाहीत ना, हे हंगामापूर्वी पाहून घ्यावे. पोती रचताना वीटकामाप्रमाणे सांधे मोडून रचावीत. एकावर एक सरळ उतरंडी रचल्या तर त्या वळणावर एकदम कलतात आणि कठडा बाहेर ढकलतात. वरून ताडपत्री व दोर बांधताना दोर कठड्याच्या कडेवर न घासता खालच्या हुकांतून घ्यावा. दोराने रंग निघालेल्या जागी पहिल्याच पावसात तांबेरा दिसतो. (हा तांबेरा बुरशीनाशकाने जात नाही.)

पांदण, धुरे आणि टोचन

डांबरी सडकेवर गाडीला पडणारे पोचे कमी. पांदणीत आणि शेतात पडणारे जास्त. कन्हार जमिनीतली पांदण पावसाळ्यानंतर महिनाभर तरी आतून ओली असते. वर पापुद्रा सुकलेला दिसतो आणि चाक मात्र आत जाते. बरडी जमिनीत गाडी रुतत नाही, पण दगड उडून खालच्या भागाला लागतात. ज्या बांध्यांत गाडी घालायची त्यांतील पाणी कापणीच्या आधी वेळेवर काढले असेल तर अर्धी अडचण दूर होते. निचऱ्याचा असाही एक उपयोग आहे.

एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाताना धुरा ओलांडावा लागतो. बहुतेक चालक तो तिरपा ओलांडतात, कारण धक्का कमी बसतो. रिकाम्या गाडीला हे चालते. भरलेल्या गाडीचे एक चाक धुऱ्यावर आणि समोरच्या कोपऱ्याचे चाक खड्ड्यात असते तेव्हा संपूर्ण चासी ओला कपडा पिळावा तशी पिळली जाते. हौदा कडक असतो, तो पिळत नाही. मग कोपऱ्यावरच्या वेल्डिंगला चिरा जातात आणि हौदा केबिनवर घासतो. तेव्हा धुरा कुदळीने दोन्ही बाजूंनी उतरता करून घ्यावा आणि दोन्ही पुढची चाके एकाच वेळी चढतील असे सरळ, सावकाश जावे. दहा मिनिटांचे काम आहे. चुरणीच्या घाईत तेवढीही सवड नसते, हे मला मान्य आहे. म्हणूनच गाडीचा मार्ग कापणीपूर्वीच ठरवून तेवढे दोन-तीन धुरे आधी छाटून ठेवणे बरे.

गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलावला जातो आणि साखळी समोर दिसेल त्या लोखंडाला, म्हणजे बंपरला, बांधली जाते. बंपर ओढण्यासाठी नसतो. तो वाकतो, त्याच्या पट्ट्या चासीपासून सुटतात आणि सोबत दिवे व जाळीही जाते. चासीला टोचनसाठी वेगळा हुक दिलेला असतो, साखळी त्यालाच लावावी. झटका देऊन ओढू नये. आधी चाकापुढचा चिखल फावड्याने काढावा, चाकाखाली तणीस नव्हे तर तुराट्यांच्या पेंढ्या, फांद्या किंवा फळ्या द्याव्यात (ओले तणीस घसरते), आणि साखळी ताणून सावकाश ओढावी. भार जास्त असेल तर निम्मी पोती उतरवावीत. हमालांची कुरकूर ऐकावी लागते, पण चासी सरळ करण्याच्या खर्चापेक्षा ती स्वस्त पडते.

मामा तलावांच्या पाळीवरून जाणारे रस्ते हा आपल्या भागातील खास धोका. पाळीची कड पावसाने आतून पोकळ झालेली असते. समोरून दुसरी गाडी आली की भरलेली पिकअप कडेला घेण्याचा मोह होतो. अशा वेळी रिकाम्या गाडीने मागे जावे, भरलेल्या गाडीने मध्येच थांबावे. कोहमारा ते नवेगावबांध आणि पुढे अर्जुनीकडे येणाऱ्या रस्त्याला लागून जंगल आहे. रात्री चितळ, रानडुकरे आडवी येतात. पुढच्या जाळीवर आणि बोनेटच्या कडेवर बसणारे बरेच पोचे असे रात्री दहानंतरचे असतात. खरेदी केंद्रावर पहाटे नंबर लावण्यासाठी रात्रभर गाडी पळविण्यापेक्षा संध्याकाळीच जाऊन थांबलेले चांगले.

माणसे वाहू नयेत

रोवणीच्या दिवसांत एका गावच्या बायका दुसऱ्या गावी पिकअपने नेल्या जातात. मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठीही तेच. हौद्यात पंचवीस-तीस जणी उभ्या, काही कठड्यावर बसलेल्या. मालक म्हणतो, तीस बायकांचे वजन पंधरा क्विंटल, धानापेक्षा जास्त नाही, मग बिघडले काय?

बिघडते ते वजनामुळे नव्हे, उंचीमुळे. दीड फुटाच्या कठड्यात धान भरले तर भाराचा मध्य तळापासून पाऊण फुटावर येतो. उभ्या माणसांच्या भाराचा मध्य तळापासून तीन फुटांच्या आसपास असतो, म्हणजे चौपट उंच. धानाची पोती बांधलेली असतात, ती वळणावर हलत नाहीत. माणसे मात्र वळणाच्या बाहेरच्या अंगाला झुकतात, नेमके गाडी कलण्याच्या दिशेने, आणि धरायला कठड्याशिवाय काही नसते. ज्या वळणावरून धानाची गाडी रोज सुखरूप जाते, त्याच वळणावर त्याच वेगाने माणसांनी भरलेली गाडी उलटू शकते. चालकाला दोन्ही वेळा स्टिअरिंग सारखेच लागते, ही यातली भयंकर गोष्ट आहे.

आपल्यासारखाच जंगलपट्टा असलेल्या छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यात २० मे २०२४ रोजी तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या आदिवासी मजुरांची पिकअप बाहपानी गावाजवळ खोल खड्ड्यात कोसळली. त्यात १९ जण दगावले, बहुसंख्य स्त्रिया होत्या. त्या रोजीला गेल्या होत्या. आपल्या गावच्या बायकाही रोजीलाच जातात.

विम्याविषयीही स्पष्ट लिहिणे भाग आहे. मालवाहू गाडीत मालासोबत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी बसला असेल तर त्याचा विचार कायद्यात केलेला आहे. भाड्याने किंवा फुकट बसविलेल्या इतर माणसांची जबाबदारी साधारणपणे विमा कंपनीवर येत नाही, आणि भरपाईचा बोजा अखेर गाडीमालकाच्या अंगावर येतो. ज्या शेतकऱ्याच्या रोवणीसाठी बायका आणल्या त्याने गाडीमालकाला दोन पैसे वाचवायला सांगितलेले असतात. तेव्हा त्यानेही हे समजून घ्यावे. बायकांसाठी प्रवासी वाहन ठरवावे. एकरी खर्चात ते वाढते, हे खरे आहे. ज्या गावात चार-पाच शेतकरी मिळून एकाच टोळीला पाठोपाठ काम देतात, तेथे हा खर्च वाटला जातो आणि जाणवत नाही.

पोच्यानंतर गंज

तालुक्यात वर्षाला तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो. पोचा पडला की त्यावरचा रंग बारीक तडकतो, त्यातून पाणी पत्र्यापर्यंत जाते. यात खताची भर पडते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते. मिठाप्रमाणे तेही लोखंड झपाट्याने खाते. पोटॅश असलेल्या बहुतेक मिश्रखतांतही ते असते. सुपर फॉस्फेटमध्ये थोडे मोकळे आम्ल असते. युरिया स्वतः तितका वाईट नाही, पण तो हवेतील ओल ओढून घेतो आणि पत्रा सतत ओला ठेवतो. मासळीच्या गाडीत बर्फाचे खारट पाणी दिवसभर ठिबकते. म्हणून खत किंवा मासळी उतरविली की त्याच संध्याकाळी हौदा साध्या पाण्याने भरपूर धुवावा. खताची फुटकी पोती थेट पत्र्यावर न ठेवता खाली ताडपत्री घालावी.

हौद्याच्या तळाला पाणी जाण्यासाठी भोके असतात. ती धानाचे दाणे, माती आणि तणसाने बुजतात. जुलै महिन्यात एका गाडीच्या हौद्याच्या कोपऱ्यात बोटभर उंचीचे हिरवेगार पऱ्हे मी स्वतः पाहिले आहे. बियाण्याची उगवणशक्ती उत्तम होती, पत्र्याची मात्र संपत आली होती. भोके तारेने मोकळी करावीत. तळावर रबरी चटई घालणाऱ्यांनी ती आठवड्यातून एकदा उचलून खालची ओल सुकवावी, नाहीतर चटईखालीच गंज धरतो आणि वरून काही दिसत नाही.

पोचा उठविण्याची घाई नको, पण उघडा पडलेला पत्रा झाकण्याची घाई जरूर करावी. पॉलिश कागदाने गंज घासून चकाकी येईपर्यंत पत्रा साफ करावा, कोरडा करावा, रेड ऑक्साइडचा प्रायमर लावावा व वरून रंगाचे दोन हात द्यावेत. हे काम घरी होते. पोचा काढावयाचाच असेल तर आतून लोखंडी हातोड्याने ठोकू नये, त्याने पत्रा आणखी ताणला जाऊन लाटा पडतात. बाहेरून जाड लाकडाचा आधार धरून आतून लाकडी मोगरीने, कडेकडून मध्याकडे, हलके ठोके द्यावेत. चासीला चीर दिसल्यास मात्र गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून वर पट्टी मारून घेऊ नये. चीर कोठून सुरू झाली हे जाणकार मेकॅनिककडून पाहून मगच काम करावे.

जुनी गाडी घेताना

आपल्या भागात जुन्या पिकअपचे व्यवहार हंगाम संपल्यावर बरेच होतात. गाडी धुऊन, रंगवून आणलेली असते. अशा वेळी रंगाकडे पाहू नये. गाडी सपाट जागी उभी करून केबिन आणि हौदा यांमधील फट बाजूने पाहावी. ही फट वर-खाली सारखी असली पाहिजे. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर चासी मधून खचलेली असण्याचा संभव आहे. वर रुंद असेल तर गाडी बराच काळ उलाळ चालविलेली असावी. नंतर मागे उभे राहून फाळका उघडून लावून पाहावा. तो अडत असेल, एका बाजूला उचलून लावावा लागत असेल, तर हौदा तिरका झाला आहे. गाडीखाली वाकून पाट्यांची संख्या दोन्ही बाजूंना मोजावी आणि नंतर टाकलेला पाटा ओळखावा, तो बहुधा रंगाने वेगळा दिसतो. चासीच्या कडांवर, विशेषतः मागच्या पाट्यांच्या कमानीजवळ, नवीन वेल्डिंग आहे का ते बोट फिरवून पाहावे. टायर आतल्या किंवा बाहेरच्या एकाच कडेने झिजलेले असतील तर कारण विचारावे.

हौद्याच्या कोपऱ्यातील माती नखाने खरवडून पाहण्यास विसरू नये. तिथे पांढरट खार असेल तर ती गाडी खतावर चालली आहे आणि तिचा तळ खालून पाहिल्याशिवाय भाव ठरवू नये.